जांभळी रेघ आणि कानबाईचा रोट

धुरपदाबाईनं कॅन्सरचं दुखणं गायीसारखं मुकाट सोसलं, असं सुरतेच्या उधन्यातल्या चाळीत आज कुणी सांगू लागलं तर खुशाल समजावं की सांगणारा तेव्हा तिथे नव्हता. ती गाय नव्हती. जीभ तिची आधीच तिखट होती आणि दुखणं आल्यावर ती अधिकच तिखट झाली. भेटायला आलेल्या निम्म्या माणसांना तिनं चहा न देता वाटेला लावलं, आणि ज्यांना चहा दिला त्यांनाही तो कडूच लागला असणार.

पारोळ्याकडच्या एका खेड्यातून ती आणि तिचा नवरा दगा अठ्ठावन्न साली सुरतेला आले. दगाला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, पाळीचं काम मिळालं. धुरपदाबाई घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. एक मुलगी झाली, ती लग्न होऊन नंदुरबारला गेली, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पुन्हा दोघंच उरले. दगाचा मोठा भाऊ सुपडू सुरतेतच नवागामात राहायचा. त्याची बायको मंगलाबाई म्हणजे नात्यानं धुरपदाबाईची जेठाणी, थोरली जाऊ. मंगलाबाईला चार मुलगे. चार मुलगे असलेल्या बाईनं जगाला शहाणपण शिकवायचं असतं, अशी तिची पक्की समजूत होती आणि आजवर कुणी ती मोडून काढली नव्हती.

या दोघींचं कधीच जमलं नाही आणि त्याचं कारण होतं कानबाई. खान्देशातल्या माणसाला कानबाई सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात नारळाची कानबाई बसवतात. तिला नथ घालतात, हळदीकुंकू लावतात आणि सोमवारी नदीवर नेऊन परत आणतात, कारण तो नारळ घराण्याचा असतो. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते घरच्या जात्यावर दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला तुकडा द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या पोरीलाही नाही, आणि भाऊबंदांपैकी कुणाचा वाटा पडून राहिला तर ते चांगलं लक्षण समजत नाहीत. रीतीनं ही कानबाई थोरल्या सुनेकडे जायची, पण सासूनं मरताना नथ आणि नारळ धाकटीच्या ओटीत टाकला. का, ते तिनं सांगितलं नाही. मंगलाबाई नऊ वर्षं ते विसरली नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीच्या आसपास न्हाताना धुरपदाबाईच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं महिनाभर दुर्लक्ष केलं. मग सांगितलं ते नेमकं मंगलाबाईला. घरात दुसरी बाई नव्हती आणि असलं काही पुरुषाला सांगायची तिला लाज वाटली. मंगलाबाईनं तिला एका भगताकडे नेलं. त्यानं चुन्याचा लेप दिला आणि कुणाची तरी नजर लागल्याचं सांगितलं. लेपात दोन महिने गेले. गाठ सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. शेवटी दगा तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला तेव्हा तिथला डॉक्टर आधी दगाला टाकून बोलला आणि मग तिला. एवढे दिवस झोपला होतात का, असं त्यानं विचारलं. दगा खाली मान घालून उभा राहिला. खाली मान घालणं हे दगाला फार चांगलं जमायचं.

वैशाखात ऑपरेशन झालं. स्तन गेला, काखेतलंही बरंच काही काढलं. आत नेताना गाडीवर पडल्या पडल्या तिनं कानबाईला सांगितलं होतं, उठवलंस तर औंदा तुला माझ्या हातानं बसवीन. एवढंच. सोनं-नाणं, साडी-चोळी असलं काही ती बोलली नाही, कारण देवीशी खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम होता आणि सोनं तर घरात नव्हतंच.

ती उठली. डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायचे म्हटलं तर डोळ्यांत पाणी यायचं. आणि अशा वेळी माणसं यायला लागली. सगळ्यांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं आभार मानावेत. मराठी शाळेतल्या मालतीबाई दोन मोसंब्या घेऊन आल्या आणि अर्धा तास बोलल्या. मनुष्यानं कृतज्ञ असावं, किती बायकांना एवढंही मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. धुरपदाबाईनं विचारलं, "एवढं म्हंजे केवढं?" मालतीबाई जरा वेळानं उठून गेल्या. खात्याच्या शेठनं दगाला पंधरा दिवसांची रजा दिली होती. त्याचा मुनीम येऊन तीनदा त्या रजेची आठवण करून गेला. मंगलाबाईनं तर सरळच सांगितलं, "मी त्या भगतकडे लई गवू म्हनून तू जित्ती शे." भगताच्या लेपानं गाठ वाढली हे डॉक्टरनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पण मंगलाबाईच्या कानात नकोशी गोष्ट शिरत नसे.

धुरपदाबाईचा राग होता तो या मागणीवर. आभार तिच्या मनात नव्हते असं मुळीच नाही. उलट इतके होते की रात्रपाळीला दगा गेला की ती एकटीच भिंतीकडे तोंड करून कानबाईशी बोलत बसायची. पण ते आभार तिचे होते, ते कुठे ठेवायचे ते तीच ठरवणार होती. दारात येऊन हात पसरणाऱ्याला ती ते देणार नव्हती.

जखम भरायला आषाढ उजाडला. मग किरणांचा शेक सुरू झाला. शहरातल्या एका दवाखान्यात शेकाचं यंत्र होतं, तिथे पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस जायचं. पहिल्या दिवशी यंत्रावरच्या ठाकोरभाईनं तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या. एक गळ्याखालून, एक बरगडीवरून, दोन आडव्या. पन्नाशीचा, जाड भिंगाचा, चेहऱ्यावर कायम वैताग असलेला माणूस. तिला वाटलं होतं की लाज वाटेल. पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता, रेघेकडे पाहत होता, आणि ती अर्ध्या सुतानं चुकली म्हणून पुसून पुन्हा ओढत होता.

"बेन, आ लीटी भूंसावी न जोईए," तो म्हणाला. "पाणी नहीं, साबू नहीं, घसवानुं नहीं. शेक पूरो थाय त्यां सुधी नहीं."

रेघ पुसली तर किरण भलतीकडे जातील, जिथे रोग नाही तिथे भाजतील आणि रोग असेल तो राहील, एवढं तिला त्यानं समजावलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. तेव्हापासून धुरपदाबाई हातपाय धुवायची, ओल्या फडक्यानं पोट-पाठ पुसायची, पण अंगावरून पाणी घ्यायची नाही. सुरतेतला तो घामट आषाढ. कातडी काळी पडून सोलवटायला लागली, पदराचा स्पर्शही सोसेना. रोज सकाळी ती आरशात रेघा पाहायची. त्या जागच्या जागी असल्या की त्या दिवसापुरतं तिला बरं वाटायचं.

श्रावण लागला आणि मंगलाबाईनं दातओठ खाऊन वाट पाहिलेली संधी आली. शुक्रवारी नवागामात सुपडूच्या खोलीत बैठक बसली. सुपडू, मंगलाबाई, दोन मोठे मुलगे आणि समोर धुरपदाबाई नि दगा.

"तीन हप्ता आंग नही धोयं, आनि तू कानबाईले हात लावशी?" मंगलाबाईनं सुरुवात केली. "आंगबी आते पुरं नही तुनं. तुटेल मूर्ती कोनी देव्हारामा ठेवस का?"

असं ती म्हणाली. मुलांदेखत, दिरादेखत. धुरपदाबाईला वाटलं की उठावं आणि समोरचा पितळी डबा हिच्या तोंडावर मारावा. तिनं मारला नाही. हात वर गेला नसता हेही एक कारण होतं. ती दगाकडे बघत राहिली. दगा सुपडूच्या पायांकडे बघत होता.

सुपडूनं निकाल दिला. रविवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून बसवायची असेल तर बसव, नाहीतर नारळ आणि नथ नवागामला आणून दे. वाईट माणूस नव्हता सुपडू. पण त्याला घरात शांतता हवी होती आणि त्याच्या घरात शांतता मंगलाबाईच्या हातात होती.

घरी येताना धुरपदाबाई वाटभर हिशेब करत होती. आंघोळ केली तर रेघा जाणार. नाही केली तर कानबाई जाणार, आणि तिच्याबरोबर गाडीवर पडून दिलेला शब्दही. ज्या देवीनं उठवलं तिला दुसऱ्याच्या घरी पाठवायचं, की उठवलेलं हे शरीरच पुन्हा पणाला लावायचं? डोकं बधिर होईपर्यंत तिनं विचार केला. एकदा वाटलं की करावी आंघोळ आणि देवीवर सोडावं. लगेच दुसरं वाटलं, की देवीनं एकदा उठवलं ते काय पुन्हा पाडून बघायला?

शनिवारी सकाळी दगा खात्यात होता. मंगलाबाई आली ती गोड बोलत आली. हातात शिकेकाईची पुडी. म्हणाली, भांडण नको, आपण मधला मार्ग काढू. अंग राहू दे, नुसते केस धुऊ. मान पुढे वाकव, मी वरून पाणी टाकते, एक थेंब खाली येणार नाही. केस धुवायला ठाकोरभाईची मनाई नव्हती. तीन आठवड्यांच्या घामानं डोकं आंबून गेलं होतं. धुरपदाबाईनं छातीला कोरडं फडकं गुंडाळलं, मोरीत बसली आणि मान वाकवली. तिथेच ती चुकली. मंगलाबाईवर तिनं पाच मिनिटं विश्वास ठेवला.

पहिले दोन तांबे केसांवर पडले. तिसरा मानेमागून खांद्यावर आला, आणि चौथ्याला मंगलाबाईनं बादलीच उचलली. कोमट पाणी गळ्यावरून, फडक्यातून, छातीवरून खाली गेलं. मोरीच्या फरशीवर जांभळा ओघळ आला आणि भोकातून निघून गेला.

"हाई काय करं तुम्हीन?" धुरपदाबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"आते शुद्ध व्हयनी," मंगलाबाई म्हणाली. बादली पालथी घालून तिनं पदराला हात पुसले. ती हसत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण पुण्य केलं. "मना उपकार मान. आते कोनी बोलाव नही."

धुरपदाबाई तिच्याशी भांडत बसली नाही, आणि तिच्या उभ्या आयुष्यात असं एकदाच झालं असेल. तिनं आरसा घेतला. खालच्या दोन रेघा पार गेल्या होत्या. वरच्या दोन फिक्या, कातडीवर जेमतेम दिसत होत्या. कोरडं लुगड्याचं धुडकं त्यावर नुसतं टेकवून, न चोळता, ओल्या केसांनी ती बाहेर पडली. शनिवारी शेक नसायचा, पण ठाकोरभाई एक वाजेपर्यंत कागद लिहीत बसायचा हे तिला ठाऊक होतं. सिटी बसमध्ये माणसांचा धक्का लागू नये म्हणून ती कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली. घामानं उरलेल्याही रेघा जातील या भीतीनं ती पदरानं वारा घालत होती आणि कंडक्टर तिच्याकडे वेडी समजून बघत होता.

ठाकोरभाईनं रेघा पाहिल्या आणि पेन टेबलावर आपटलं. "आ शुं कर्युं? कोणे कह्युं'तुं नाहवानुं? अहीं भणेला, अभण, बधा सरखा." आंघोळ करायला कुणी सांगितलं, शिकलेले काय नि अडाणी काय, सगळे सारखेच, असं तो जवळजवळ दहा मिनिटं ओरडला. अशा बायकांमुळे यंत्राचं नाव खराब होतं, तुमच्या देवांना सांगा मग शेक द्यायला, असंही म्हणाला. मग ओरडत ओरडतच त्यानं कपाटातून तिचा कागद काढला, मोजपट्टी घेतली, फिक्या रेघेवर बोट न लावता माप घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. एक वाजून गेला. त्याचा डबा तसाच होता. दीडच्या पुढे केव्हातरी चारही रेघा पुन्हा छातीवर आल्या, पहिल्यासारख्या, जाड.

धुरपदाबाईला रडू फुटलं. तिनं हात जोडले आणि आभार म्हणायला तोंड उघडलं.

"आभार नथी जोईता," ठाकोरभाई वैतागून म्हणाला. "लीटी जोईए छे. जाव."

एवढ्या महिन्यांत तिच्याकडून आभार न मागणारा हा पहिला माणूस. बसमध्ये बसून ती हाच विचार करत होती. राग तसाच होता, पण तो आता नीट जागेवर आला होता आणि काय करायचं ते तिला कळलं होतं.

रविवारी पहाटे उठून तिनं हातपाय धुतले, तोंड धुतलं, अंगावरून पाणी घेतलं नाही. चौरंग मांडला. उजव्या हातानं नारळ ठेवला, डावा हात जेवढा वर गेला तेवढा नेऊन नथ घातली. त्याला बराच वेळ लागला. मग तिनं कानबाईला स्पष्ट सांगितलं. मी न्हायले नाही. तू मला उठवलंस ते मला टिकवायचं आहे. तुला राग आला तर मला सांग, या बायांच्या तोंडून नको. रोट तिनं सहा पुरुषांच्या मापानं केले. सुपडूचा, चार मुलांचा आणि दगाचा. वाटा तिनं कुणाचाही कापला नाही.

दुपारी भाऊबंद आले. मंगलाबाई नवं पातळ नेसून आली होती. कालच्या शिकेकाईचा वास धुरपदाबाईच्या केसांना अजून होता, त्यामुळे मंगलाबाईच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पानं वाढली. रोट पुढे आले. नुसतं मिरवायचं म्हणून मंगलाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "न्हायनी ना तू सकाये?"

एक होकार दिला असता की काम झालं असतं. कुणाला कळणार नव्हतं. दगा मागे उभा होता, तो हलकेच म्हणाला, "हां म्हन."

"नही न्हायनी," धुरपदाबाई म्हणाली. "रेघा काल परत काढी लयन्यात, त्या आते कोनी धुवाव नही. ज्याले रोट खाना व्हई त्यानी खावा, नहीतर दार उघडंच शे."

मंगलाबाई जागेवरून उठली. तिच्यामागे चारही मुलगे ताटावरून उठले. सुपडूनं दगाकडे एकदा पाहिलं, रोटाकडे एकदा पाहिलं आणि तोही चपला घालायला लागला. जाताना मंगलाबाईनं चाळीतल्या बायकांना ऐकवत सांगितलं की या घरावर आता कोप होईल. त्या दारात उभ्या होत्याच.

खोलीत पाच भरलेली ताटं तशीच राहिली. कोप होईल का हे धुरपदाबाईलाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसताना तिनं हे केलं होतं. दगा बराच वेळ उभा होता. मग तो आपल्या ताटावर बसला, रोट मोडला आणि खाऊ लागला. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "मीठ बराबर शे." रोटात मीठ नव्हतंच. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि तिची बाजू घेऊन तो बोलला ती पहिली वेळ हीच.

सोमवारी कानबाई तापीवर न्यायची होती. नेहमी बायका डोक्यावर घेऊन जातात, गाणी म्हणत, वाजंत्री लावून. धुरपदाबाईचा हात वर जात नव्हता आणि दुसरी बाई यायला तयार नव्हती. दगानं चौरंग आपल्या डोक्यावर घेतला. उधन्यापासून नदीपर्यंत तो पुढे आणि ती मागे. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, रस्त्यात खात्यातले लोक भेटले ते मोठ्यानं हसले. दगाला मात्र डोक्यावरच्या चौरंगामुळे मान खाली घालता येत नव्हती.

नदीवरून दगा चौरंग घेऊन घरी परतला आणि ती तशीच शेकाला गेली. पिशवीत फडक्यात बांधलेले पाच वाटे होते. टेबलावर आडवं होण्याआधी तिनं ते ठाकोरभाईच्या पुढ्यात ठेवले. असं तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

"शुं छे आ?"

"आमच्या देवीचा रोट. घरच्यांनीच खायचा असतो."

त्यानं भिंगांतून तिच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, सुकं आहे म्हणाला आणि चहाबरोबर अख्खा रोट संपवला. उरलेले घरी नेण्यासाठी त्यानं डब्यात ठेवले. मग हात धुऊन आला आणि रेघा तपासल्या. त्या बरोबर होत्या.

संध्याकाळी मंगलाबाई उधन्याला आली. एकटीच आली होती, आणि चेहऱ्यावर कालचं काही नव्हतं. धाकट्या मुलाला दुपारपासून ताप होता. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"मना पोरेसना वाटा दे," ती म्हणाली.

"नही शे."

"कोनले दिधा?"

"दवाखानाना ठाकोरभाईले."

चार मुलांच्या नावानं मोजलेला रोट एका परक्या गुजराती माणसानं खाल्ला होता. मंगलाबाई उंबऱ्यावर बसली. "मना पोरेसनं काय व्हई आते?"

धुरपदाबाई कांड्या भरत होती. तिनं हात थांबवला नाही. आत कुठेतरी तिला या बाईची कीव आली आणि ती आली याचाही राग आला.

"काही व्हनार नही," ती म्हणाली. "पोराले दवाखानामा लई जा. कानबाई तुम्हनासारखी नही शे, बाई."